चूलबंद आवतन

"आवतन? हा काय विषय झाला?" आमचे मार्गदर्शक सर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले. "लोक जेवायला बोलावतात, लोक जाऊन जेवतात. संपलं! त्यापेक्षा मोबाईलचा ग्रामीण तरुणांवर परिणाम घ्या."

मोबाईल वर्गातल्या निम्म्या पोरांनी घेतला होता. मी समाजशास्त्राच्या एमएच्या दुसऱ्या वर्षाला होते, चुडाव्याहून रोज रेल्वेनं विद्यापीठात जायचे, आणि प्रबंधाला मला आवतनच पाहिजे होतं. हट्टी मी जन्माचीच. शेवटी सर वैतागले. "विभागासमोर मांडा. तिथं पटलं नाही, तर मुकाट्यानं मोबाईल."

"चालतंय, सर," म्हटलं.

आमच्याकडं लग्नाचं आवतन माणूस दारोदार फिरून देतो. पत्रिकेला कुणी विचारत नाही, तोंडी सांगितलं तरच जायचं. सांगताना किती जणांनी यायचं तेही सांगतात. चूलबंद म्हटलं की सगळं घरदार यायचं, त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायचीच नाही. घरटी एक म्हटलं की एकच माणूस. कोण कुणाला चूलबंद सांगतं आणि कुणाला घरटी एक, एवढंच मला विचारायचं होतं.

आई खदाखदा हसली. "एवढ्या मोठ्या विद्यापीठात हेच शिकवायलेत व्हय? कोण कुणाकडं जेवायलंय ते?"

हसू दिलं तिला. आमच्या बौद्धवाड्यात एकमेकांना चूलबंद. वरच्या आळीत, जमीनवाल्यांच्या घरांत, त्यांचं त्यांचं चूलबंद. इथवर सगळं सोपं होतं. मग मी वरच्या आळीतल्या सगळ्यात मोठ्या घरी गेले. त्यांच्या लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं. काकूंनी खुर्ची दिली, चांगल्या कपात चहा दिला. बाई मनानं खरंच चांगली, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता.

"आमच्यात तसलं काई न्हाई आता, पोरी. तुमच्याकडं बी आवतन धाडतोच की."

"चूलबंद का, काकू?"

"न्हाई, तुमच्याकडं घरटी एक. पहिल्यापासून तसंच हाय."

"आन् शेजारच्यांना?"

काकूंनी पदर सारखा केला. "त्यांना चूलबंद. रीत हाय बाई ती, कुणी मुद्दाम करतंय का?"

मुद्दाम कुणीच करत नाही, हेच तर दुखणं आहे! डोकं तापलं होतं, पण संशोधकानं भांडायचं नसतं असं वर्गात शिकवलेलं. चहा संपवला आणि उठले.

दोनेक दिवसांनी त्यांचा गडी आमच्या दाराशी आला. "घरटी एक आवतन हाय हो लग्नाचं!"

अशा जेवणाला आमच्या घरातून दरवेळी दादाच जायचे, म्हणजे माझे वडील; आई, मी आणि धाकटा भाऊ घरीच. ते 'हाव' म्हणणार, तेवढ्यात आई भांडी घासता घासता ओल्या हातानं उठली.

"आमी घरात चार माणसं हावत. चूलबंद असलं तर चौघं येऊ. न्हाईतर आमची चूल पेटती हाय म्हणावं."

गडी दादांकडं बघायला लागला. दादा आईकडं बघत राहिले. मग म्हणाले, "ती म्हणायली तसंच सांग बाबा तिकडं."

परत कुणी आलं नाही. लग्नाच्या दिवशी वरच्या आळीतून तळणाचा वास येत होता आणि आईनं गॅस पेटवून भाकरी टाकल्या. "बुंदी गेली ना माझी!" दादा कुरकुरले, आणि ताटावर बसले.

"तुमी तिथं बुंदी खायचे," आई भाकरी उलटत म्हणाली. "मी इथं वास घेत बसायची, लग्न होऊन आले तवापासून. कुणाला काय सांगावं? ही पोरगी गावभर विचारत फिरायली, तवा मला बी वाटलं, आपुन बी विचारावं." मला रडू आलं. लय रडले. भाकरी गार झाली म्हणून आईनं रागावून दुसरी वाढली.

शेवटी विभागासमोर उभी राहिले. मी मांडलं ते सगळ्यांनी ऐकून घेतलं, आणि एका सरांनी विचारलं, "ही जुनी रीत आहे. हिचा त्रास कुणाला होतो?"

"माझ्या आईला होतो, सर."

मग लग्नाच्या दिवसाचं सगळं सांगितलं, तळणाच्या वासासकट. मार्गदर्शक सरांनी चष्मा खाली घेतला. "मोबाईल राहू द्या," ते म्हणाले.

स्टेशनवर आल्या आल्या घरी फोन लावला. "आई, आवतन मंजूर झालं!"

"कोणतं?" आईनं विचारलं. "घरटी एक का चूलबंद?"

"चूलबंद, आई. चूलबंद!"

"मंग येऊ आमी चौघं," आई म्हणाली.