अक्कांच्या फोनवर जाणाऱ्या पावत्या

मुलीला नर्सरीत घातलं तेव्हा फॉर्म थोरल्या जाऊबाईंनी भरला. मी त्यांना अक्का म्हणते. त्या बारावी शिकलेल्या, त्यांचा मुलगा आधीपासून तिथंच, आणि माझ्याकडं तेव्हा फोन नव्हता. म्हणून नंबरही त्यांचाच दिला. मला ते बरंच वाटलं. ऑफिसच्या खिडकीत बोलायचं म्हटलं की मी दुसऱ्यालाच पुढं करायचे.

साड्यांना फॉल-पिको करून मिळालेल्या पैशांतून मी दर महिन्याला फी द्यायचे. नोटा ठेवायच्या, अक्कांचा नंबर सांगायचा आणि निघायचं. पावती मागितली तर खिडकीतल्या मॅडम म्हणायच्या, "आता सगळं ॲपवर. मोबाईलवर जाते."

दिवाळीनंतर मुलीच्या डायरीत चिठ्ठी आली. तीन महिन्यांची फी बाकी, आठवड्यात भरा, नाहीतर नाव कमी होईल. ह्यांनी ती दोनदा वाचली.

"पैसं गेलं कुठं मग?"

"भरल्यात मी."

"भरल्यात तर बाकी कशी? भावाला दिलंस काय?"

भाऊ अडचणीत होता, हे खरं. पण त्याला मी एक रुपया दिला नव्हता.

माझा संशय मॅडमवर. नोटा ड्रॉवरमध्ये टाकतात, कीबोर्ड बडवतात, आत काय लिहितात कुणाला दिसतंय? मुलीला आणायला गेले की त्यांच्या हातातल्या नव्या बांगड्याच मला दिसायच्या.

तिसऱ्या दिवशी खिडकीशी कुणी नव्हतं. मी कशीबशी चिठ्ठी पुढं केली. मॅडमनी स्क्रीन माझ्याकडं वळवला.

"पैसे जमा हायत की तुमचे. पण एका नंबरवर दोन मुलं हायत. ॲप आधी जुनं बिल भागवतंय. तुमच्या पुतण्याचं तीन महिन्यांचं थकलंवतं, त्यात गेले."

"कुणाला कळवलं न्हाई?"

"दर वेळी मेसेज गेलाय. मुलाच्या नावासकट."

बांगड्यांकडं बघायची मला लाज वाटली.

घरी अक्का भाकरी थापत होत्या. फोन शेजारी पालथा ठेवलेला.

"अक्का, शाळेचं मेसेज येतात काय तुमच्या फोनवर?"

"जाहिरातीच येत्यात गं सगळ्या," त्या म्हणाल्या. वर बघितलं नाही. तव्यावरची भाकरी मात्र करपली.

मी भांडले नाही. ह्यांचा जुना फोन घेतला, त्यात सिम घातलं आणि दुसऱ्या दिवशी मॅडमना म्हणाले, "पोरं वेगळी करा, हा माझा नंबर. माझं पैसं माझ्या पोरीच्या नावावर आणा." माझा आवाज एवढा मोठा आहे, हे मला तेव्हा कळलं. मॅडमनी तिथंच ते केलं. फोनवर आलेल्या पावत्या मी ह्यांच्यापुढं धरल्या. त्यांनी भावाचं नाव पुन्हा काढलं नाही.

आता फी भरली की मेसेज येईपर्यंत मी खिडकी सोडत नाही. मागचे कुरकुरतात. अक्षर अक्षर लावून मुलीचं नाव वाचते, मगच निघते.

परवा अक्कांनी विचारलं, "शाळेचं काय आलं काय गं तुझ्या फोनवर?"

"जाहिरातीच येत्यात, अक्का," मी म्हटलं.