करपलेला घाणा

शेंगदाणे करपल्याचा वास आला, की कोळारचा चटणीचा कारखाना आठवतो. सालं लवकर सुटतील म्हणून मी अतिशहाणीनं, कुणाला न विचारता, दाणे भाजायच्या भट्टीवरच्या ड्रममध्ये मिठाचं पाणी ओतलं आणि दाणे ड्रमला चिकटून अख्खा घाणा करपवला. घर माझ्याच पगारावर चालायचं. नोकरी गेलीच म्हणून डबा उचलला, तर मालकांनी एक काळा दाणा चावून बघितला. "पाणी जास्त झालं. उद्या कमी घालून बघा. निघालात कुठं, अक्का?" मी बावळटासारखी त्यांनाच विचारते, "मग मला काढणार न्हाई व्हय?" ते गेल्यावर, वर्षभर मुकी राहिलेली शेजारच्या भट्टीवरची बाई कुजबुजली, "अक्का, मलाबी एक सुचलंय." आता म्हातारपणी नातीच्या लॅपटॉपची बटणं मी बिनधास्त दाबते, चुकलं तर चुकलं, पण त्या दिवशीचा धक्का अजून ओसरलेला न्हाई.