पाटावरचा बफर

२०१० सालच्या दसऱ्याला, रविवारी सकाळी, मिसिसागातल्या आमच्या घरी दोन पोलीस आले. बेसमेंटमधल्या भाडेकरूच्या रायफलबद्दल कोणीतरी फोन केला होता. कोणी, ते त्यांनी सांगितले नाही.

भाडेकरू नागपूरचा, तिशीतला मेकॅनिकल इंजिनिअर. उन्हाळ्याच्या सुरुवातीला राहायला आला तेव्हाच त्याने दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, त्याच्याकडे निशाणेबाजीची रायफल आहे. परवाना आणि नोंदणी आहे. ती कुलपात असते आणि फक्त रेंजवर जाते. दुसरी, नागरिकत्वाची परीक्षा झाली आहे आणि शपथविधीचे बोलावणे यायचे आहे. कंपनी त्याला अमेरिकेतल्या कारखान्यावर पाठवणार होती, पण कॅनडाचा पासपोर्ट हातात आल्यावर.

"तोपर्यंत दादा, स्पीडिंगचं तिकीटसुद्धा नको आपल्याला," तो म्हणाला होता.

"बंदूकवाला भाडेकरू तुम्हालाच बरा सापडतो," असे पत्नी म्हणाली. तरीही तो राहिला. वेळच्या वेळी कचरा बाहेर ठेवायचा, मोठ्याने गाणी लावायचा नाही.

सप्टेंबरात खालून ठोकण्याचा आवाज येऊ लागला. घर गरम करणाऱ्या फर्नेसच्या डक्टमधून बेसमेंटमधला आवाज आमच्या स्वयंपाकघरात जसाच्या तसा येतो. हलका आवाज, धातूवर धातूचा. मध्येच थांबायचा, मग काहीतरी डबीत घालून हलवल्यासारखी खडखड, की पुन्हा ठोकणे. पत्नीने एकदा मिक्सर बंद करून ऐकले आणि मला खुणेने बोलावले. दुसऱ्या आठवड्यात मी खाली गेलो.

त्याने दार अर्धेच उघडले.

"काय चाललंय रे?"

"काही नाही ना दादा, बफर उघडून राहिलो. रायफलचा."

मी तिथून हललो नाही, तेव्हा दार पूर्ण उघडले. टेबलावर जुना टॉवेल पसरला होता आणि त्यावर बोटभर लांबीची, दोन बोटे जाडीची एक पोकळ नळकांडी होती. शेजारी लोखंडी चकत्यांसारखी वजने आणि एक रबरी टोपण. हा भाग रायफलच्या दस्त्यात स्प्रिंगपुढे बसतो. गोळी सुटली की यंत्रणा मागे येते, तिचा धक्का तो झेलतो. आतली वजने बदलून तो जड केला की खांद्याला बसणारा झटका कमी होतो, असे त्याने सांगितले.

"मग घरी कशाला? दुकानात नाही का देता येत?"

"दुकानवाला काय करते, नवीन विकते. मंग आपण इंजिनिअर कायले झालो?"

"आणि यात बेकायदा काही?"

"नाही जी. बंदूक तीच, नोंदणी तीच."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला रुमालाखाली काहीतरी झाकलेले होते. मी विचारले नाही. त्यानेही सांगितले नाही.

विमानतळाजवळच्या आमच्या ऑफिसात एक सहकारी दरवर्षी हरणाच्या शिकारीला जात असे. त्याला मी विचारले. बफरची वजने बदलणे हा त्याच्या माहितीप्रमाणे गुन्हा नव्हता. विचारणारा कोण, असे त्याने विचारले. मी म्हटले, एक मित्र. नंतर दोन वेळा त्याने त्या मित्राची चौकशी केली. दुसरा कोणी माहीतगार मला मिळाला नाही. एकाच्या सांगण्यावर काही छापायचे नाही, या शिस्तीत मी पुण्याच्या वर्तमानपत्रात अकरा वर्षे काम केले होते. तातडीच्या नसलेल्या तक्रारींसाठीचा पोलिसांचा नंबर मी शोधून ठेवला. फोन केला नाही. नंबर शोधला होता हे पत्नीला माहीत होते.

शनिवारी खंडेनवमी होती. दरवर्षी आम्ही हॉलमध्ये पाट मांडतो आणि ज्याचे जे काम, त्याची ती साधने पूजेला ठेवतो. माझा लॅपटॉप, पत्नीची शिवणाची कात्री, गाडीच्या किल्ल्या, पाटाला टेकवून बर्फाचे फावडे. मराठी मित्रांची दोन जोडपी येतात, तीही काहीबाही आणतात. पत्नीने भाडेकरूला जिन्यातून हाक मारली, "तुझीही हत्यारं घेऊन ये रे वर!" तिच्या मनात नटबोल्टचे पाने आणि पक्कड होती.

तो स्टीलच्या ताटलीत बफर घेऊन आला. उघडलेला, वजने बाजूला ओळीने लावलेली.

"रायफल कुलपातून काढता येत नाही, वहिनी. म्हणून तिचा एवढाच भाग आणला."

पूजेला आणलेली ताटली परत पाठवणार कशी? पत्नीने ती पाटावर ठेवली. हळदकुंकू वाहिले, अक्षता टाकल्या, झेंडू ठेवला.

पाहुण्यांपैकी एक मुंबईकर, बँकेत सॉफ्टवेअरचे काम करणारा. तो वाकून बघत म्हणाला, "एवढीशीच? बाकीची तोफ कुठे लपवलीस?"

"खाली आहे."

हसणे थांबले. मग भाडेकरूने बफर म्हणजे काय ते समजावून सांगायला सुरुवात केली. कोणी विचारले नसते तरी त्याने सांगितले असते, इतक्या उत्साहाने. मुंबईकराने तीन प्रश्न विचारले आणि तिन्हींची उत्तरे लक्ष देऊन ऐकली.

"महिनाभर ठोकतोय," पत्नी म्हणाली. "आम्हाला वाटलं, बॉम्ब करतो की काय!"

यावर पुन्हा सगळे हसले. खोलीत तेव्हा सात मोठी माणसे होती.

पूजलेल्या हत्यारांना उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नसतो. त्यामुळे ताटली रात्रभर पाटावरच राहिली.

सकाळी पोलिसांना भाडेकरूने स्वतः खाली नेले. पेटीचे कुलूप काढले, चापाचे कुलूप दाखवले, परवाना आणि नोंदणी पुढे केली. सगळे जुळले. मग दोघांपैकी वयाने मोठ्या पोलिसाने रायफलचा दस्ता पाहिला आणि इथला भाग कुठे आहे, असे विचारले.

"वर आहे. पूजेत," तो इंग्रजीत म्हणाला.

कुठे म्हणून पोलिसाने पुन्हा विचारले. त्याने तेच उत्तर दिले.

सगळे वर आले. धाकटा पोलीस ताटलीकडे पाहत राहिला. हे लाल काय आहे, त्याने विचारले आणि हात पुढे केला.

"वन मिनिट! नॉट येट," पत्नी म्हणाली. तिने घंटा वाजवली, पाटावर अक्षता टाकल्या, ताटली उचलून जरा सरकवली. "नाऊ ओके."

मोठ्या पोलिसाने हातमोजा घालून नळकांडी उचलली, कुंकवाचा वास घेतला. महिनाभर ठोकण्याचा आवाज येत असल्याचे फोन करणाऱ्याने कळवले आहे, असे धाकट्याने सांगितले. भाडेकरूने माझ्याकडे पाहिले.

मोठा पोलीस गाडीत बसून बराच वेळ फोनवर बोलला. परत येऊन म्हणाला, गुन्हा काही नाही. भेटीची नोंद मात्र राहील. ती नोंद नागरिकत्वाच्या फायलीत जाईल का, असे भाडेकरूने विचारले. ते आपल्याला सांगता येणार नाही, असे उत्तर मिळाले.

दुपारी आमच्याकडे श्रीखंडपुरी होती. तो जेवायला आला नाही. संध्याकाळी बाजूच्या दाराशी भेटला.

"एक विचारू, दादा? फोन तुमी केला का?"

"नाही."

"वहिनींनी?"

"तिलाच विचार."

"विचारलं. त्या म्हणाल्या, दादांना विचारा."

मी पत्नीला विचारले. ती म्हणाली, "नंबर कोणी शोधला होता?" मी म्हटले, बॉम्ब हा शब्द कोणी काढला होता? त्यानंतर आमच्या घरात हा विषय निघाला नाही.

त्या महिन्याच्या अखेरीस त्याने बेसमेंट सोडले. रायफलची पेटी त्याने गाडीत सर्वांत शेवटी ठेवली. किल्ली पत्नीच्या हातात दिली आणि तिला नमस्कार केला. नवा पत्ता त्याने दिला नाही.

बोलावणे हिवाळाभर आले नाही, एवढे मित्रांकडून कळत होते. शपथविधी पुढच्या वर्षी जून महिन्यात झाला. आम्हाला निमंत्रण नव्हते. समारंभाचे फोटो मुंबईकराने काढले.