पहिल्या पायरीचा करंट

माझ्यावर एक चिप बिघडवल्याचा ठपका आहे आणि तो खोटा आहे.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. गंगापूर रोडला एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही सात जण वायरलेस चिपचं डिझाइन करायचो. साहेब परदेशातून परतलेले. मी मखमलाबादच्या मळ्यातला, डिप्लोमावाला; बाकीचं टीव्हीचे बूस्टर उघडून स्वतः शिकलेला. चिपच्या तोंडाशी असणारा लो-नॉइज ॲम्प्लिफायर, म्हणजे फार खरखर न मिसळता सिग्नल मोठा करणारा भाग, माझ्याकडे होता. अँटेनातून येणारा सिग्नल फार क्षीण असतो. पहिल्याच पायरीवर त्यात खरखर मिसळली, की पुढे सिग्नलबरोबर तीही मोठी होत जाते. म्हणून या पायरीला करंट पुरेसा लागतो. पण बॅटरी एक आणि मागणारे सात.

मला सहा मिलिअँपिअर पुरत होते. मी नऊ मागितले. आईशेजारी बसून भाजी विकलेली; लागतो तो आकडा आधी सांगायचा नसतो, एवढं कळत होतं.

"नऊ? इथे बाजार भरलाय का?" साहेब म्हणाले.

"मग तुम्ही सांगा."

"चार."

"चारात नुसती खरखर मिळेल, साहेब."

सहावर ठरलं. मी खूश.

डिझाइन चिप बनवायला बाहेर पाठवायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझे दोन काढून चिपमधल्या शेजारच्या ब्लॉकला दिले. "नऊचे सहा झाले, तसे सहाचे चार होतील. तुला ओळखतो मी."

चारात खरखर किती वाढते, त्याचे संगणकावरच्या सिम्युलेशनचे आलेख मी दाखवले. "आलेखही तुझेच ना?" म्हणाले. मी फाइल आपटली, आवाज चढवला. नऊ मागितले ही माझी चूक, मान्य. पण आलेख खोटे नव्हते.

काही महिन्यांनी चिप बनून आली. खरखर जास्त. रिपोर्टमध्ये कारण लिहिलं: डिझायनरचा अंदाज चुकला.

माझ्या ॲम्प्लिफायरचा करंट बाहेरून बदलता यावा, म्हणून मी भांडून चिपला वेगळी पिन ठेवली होती. सगळ्यांदेखत बोर्डावरचा एक रेझिस्टर बदलला, करंट सहावर नेला. खरखर मोजणारा मीटर माझ्या आलेखातल्या आकड्यावर येऊन थांबला.

"छान, दुरुस्ती सापडली," साहेब म्हणाले.

"दुरुस्ती कसली? तुम्ही काढलेलं परत ठेवलंय."

"पुढच्या चिपचा ॲम्प्लिफायर तुझाच. फक्त या रिपोर्टवर सही कर. ग्राहकाला काहीतरी कारण द्यावं लागतं."

तो ॲम्प्लिफायर मला हवा होता. त्याचं सर्किट मी घरी काढूनही ठेवलं होतं. तरी पेन घेतलं, ते वाक्य खोडलं, वर लिहिलं, 'करंट आदल्या दिवशी कमी केला', आणि खाली सही केली. साहेबांनी कागद वाचला आणि ड्रॉवरमध्ये टाकला; ग्राहकाकडे आधीचंच कारण गेलं.

पुढच्या महिन्यात एक एम.टेक. झालेला मुलगा आला; पुढच्या चिपचा ॲम्प्लिफायर त्याला मिळाला. माझं सर्किट त्याला मीच समजावून सांगायचं, असा हुकूम. तो वही उघडून बसला. मी विचारलं, "करंट किती दिलाय तुला?"

"सहा. सर म्हणाले, याहून कमीत होत नाही."