पडद्याआडचा अंगरखा

कारंज्याच्या गफ्फारमास्तरनं जन्मभर गावाचे कपडे शिवले, पण भाषण एकदाच दिलं. पस्तीस साली महिला मंडळानं त्याला जुन्या सरदारी पोशाखावर बोलायला बोलावलं. गडी हौसेनं अंगरखा, पगडी, शेला चढवून गेला. पण निम्म्या बायका गोषातल्या, म्हणून त्याला उभं केलं जाड पडद्याआड. आता बोला!

"आता पाठीकडून पाहा," म्हणत तो घामाघूम होऊन गरगर फिरला. पलीकडून बायका "वा, वा!" करत राहिल्या.

शेवटी मंडळाच्या अध्यक्ष धनीबाईंनी विचारलं, "मास्तर, हा पडदा कोनं शिवला हो? झालर लय बेस हाय!"

पडदाही त्यानंच शिवला होता. गफ्फारमास्तरनं कमरेत वाकून सलाम केला. तोही कुणाला दिसला नाही.