कुसुम घराण्याचे हिम्मतराव

कुसुमताईंनी भर सभेत पक्षाच्या जिल्हाध्यक्षांची मिशी जाळली, अशी बातमी सध्या अंबरपेठेत भाजीच्या गाड्यांपासून देवळाच्या पायरीपर्यंत फिरते आहे. साफ खोटी आहे. एक तर जिल्हाध्यक्ष श्रीनिवास गारूंना (गारू म्हणजे इकडचं ‘साहेब’) मिशीच नाही. जळलं ते पक्षाच्या उपरण्याचं, इकडच्या तेलुगूत कंडुव्याचं, टोक. तेही चार बोटं. आणि तो कंडुवा ज्या गळ्यात होता तो गळा कुसुमताईंच्या स्वतःच्या नवऱ्याचा. आता बायकोनं नवऱ्याचा कंडुवा जाळला यात बातमी कसली, म्हणून लोकांनी पदरची मिशी लावली, इतकंच.

कुसुमताई नांदेडकर माहेरच्या गौलीगुड्याच्या. मराठी बोलताना मधूनच ‘हौ’ आणि ‘नक्को’ म्हणतात, तेलुगू बोलताना मराठी हेल काढतात आणि भांडताना तिन्ही भाषा एकदम वापरतात. सोळा वर्षांपूर्वी गल्लीतलं गटार तुंबून पाणी स्वयंपाकघरात शिरलं, तेव्हा बारा बायका घेऊन त्या वॉर्ड ऑफिसात जाऊन बसल्या आणि चेंबर साफ झाल्याचा निरोप येईपर्यंत उठल्या नाहीत. तिथंच पक्षानं त्यांना हेरलं आणि महिला आघाडीत घेतलं.

महिला आघाडी म्हणजे काय, ते त्यांना आत गेल्यावर कळलं. पुढारी आला की हारतीचं, म्हणजे आपल्या आरतीचं, ताट घेऊन दारात उभं राहायचं. कुसुमताईंना सख्खा भाऊ एकच, पण या सोळा वर्षांत ओवाळलेले पुढारी एकत्र केले तर रेल्वेचा एक डबा भरेल. पुढारी ओवाळून घेणार, पायऱ्या चढून खुर्चीत बसणार. कुसुमताई ताट घेऊन खाली सतरंजीवर. मतदार याद्या त्यांच्या तोंडपाठ, कुठल्या बोळात नळाला पाणी कधी येतं ते पाठ, कुणाची सून रुसून माहेरी गेलीय तेही पाठ. पण स्टेजवरून सभा कशी दिसते, ते काही त्यांना माहीत नव्हतं.

यंदा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. कुसुमताईंनी त्याच दिवशी पक्षाच्या ऑफिसात जाऊन उमेदवारीचा अर्ज भरला. आणि घोळ झाला तो इथेच. अर्जात नावाला जागा वीतभर. आपल्याकडच्या रीतीनं त्यांनी आधी स्वतःचं, मग नवऱ्याचं नाव लिहिलं: ‘कुसुम हिम्मतराव’. नांदेडकर मावेना, ते सोडून दिलं. फोटो जोडला असता, पण ऑफिसातला स्टेपलर रुसलेला.

अर्जांची यादी तेलुगूत उतरवायला गौतम नावाचा कारकून होता. तेलुगू माणसाचं आडनाव आधी, नाव शेवटी. त्यानं सरळ हिशेब केला: घराणं कुसुम, माणूस हिम्मतराव. वर जिल्ह्याला यादी गेली. तिथं कुणीतरी म्हणालं, “महिला वॉर्डात हा बाप्या कुठून घुसला?” आणि नावावर रेघ मारली. पण यादीत सेवा सोळा वर्षांची लिहिलेली, एवढ्या जुन्या कार्यकर्त्याचं मन दुखवायचं नाही, म्हणून सभेत सत्कार ठरला. वॉर्डाचा अध्यक्ष अजय याला खरी गोष्ट माहीत होती. तो काही बोलला नाही. त्याच्या तोंडात पान होतं, आणि मनात उमेदवार म्हणून स्वतःची बायको.

चार दिवसांनी घरी पत्र आलं. ‘श्री. कुसुम हिम्मतराव गारू, आपण सोळा वर्षं गल्लोगल्ली केलेली पक्षाची निःस्वार्थ सेवा...’

हिम्मतराव सिकंदराबादला रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. पक्षाची त्यांनी केलेली सेवा म्हणजे घरी बैठक असली की तिसरा चहा मागणं. पत्र त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं, आणि म्हणाले, “अगं, माझा क्रीम रंगाचा सफारी कुठाय?”

“अहो, ते पत्र माझं आहे!”

“वर ‘श्री’ लिहिलंय.”

“गल्लोगल्ली कोण फिरलं?”

“तू फिरलीस. पण घराला कुलूप लावून गेली होतीस का? घरी कोण होतं?”

यावर कुसुमताईंनी पोळपाट असा आपटला की खालच्या मजल्यावरचे लोक भूकंप समजून अंगणात आले.

दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसात गेल्या. गौतमनं यादी काढून दाखवली आणि हात जोडले. “क्या अम्मा, लिस्ट तो ऊपर चली गई. अब मेरे हाथ में कुछ नहीं, मेरेकू नक्को बोलो. श्रीनिवास गारू सभा में आ रहे, उन्होंनेच उमेदवार का नाम बोलते. जो बोलना है उनको बोलो.”

“हौ, बोलती,” कुसुमताई म्हणाल्या. “पण त्यांच्यापर्यंत मला पोचू कोण देणार?”

गौतम निरागसपणे म्हणाला, “आप तो हारती लेके जातेच हैं ना, अम्मा?”

सभा रविवारी सकाळी, चौकाजवळच्या फंक्शन हॉलात. स्टेजवर सात खुर्च्या, सात पुरुष. सहावी खुर्ची हिम्मतरावांची. सफारीवर नवाकोरा कंडुवा, चेहऱ्यावर पहिल्यांदाच घोड्यावर बसलेल्या नवरदेवाचा भाव. समोर माईक. खाली सतरंजीवर शंभरेक बायका.

अजयनं पुकारा केला, “कुसुमम्मा, हारती!”

कुसुमताई ताट घेऊन पायऱ्या चढल्या. श्रीनिवास गारूंनी सवयीनं मान पुढे केली. कुसुमताई त्यांना ओलांडून सरळ सहाव्या खुर्चीपाशी गेल्या आणि नवऱ्याला ओवाळायला लागल्या.

टाळ्या पडल्या. केवढी पतिव्रता, असं काहीजण म्हणालेही. पाच वेळा ओवाळून झालं, अकरा वेळा झालं. टाळ्या थांबल्या. कुसुमताई थांबल्या नाहीत. ओवाळणी टाकल्याशिवाय उठायचं नाही, हे हिम्मतरावांच्या अंगात लहानपणापासून भिनलेलं. ते खुर्चीला चिकटून कुजबुजले, “पुरे की आता!”

“ओवाळणी टाका.”

हिम्मतरावांनी खिशातून नोट काढून ताटात टाकली. कुसुमताईंनी ती उचलून त्यांच्याच खिशात कोंबली.

“नोट नको.”

“मग काय हवंय?”

“माझं नाव. तुमच्याकडे आलंय ते.”

कुजबूज दोघांचीच होती, पण माईक चालू होता. सतरंजीवरच्या मराठी बायका आधी हसल्या, मग त्यांनी शेजारणींना तेलुगूत सांगितलं, मग त्याही हसल्या. हिम्मतराव ओशाळून पुढे वाकले आणि कंडुव्याचं टोक निरांजनात गेलं. अजयनं पाण्याची अख्खी बाटली त्यांच्यावर उपडी केली. क्रीम रंगाच्या सफारीतला, निथळणारा, धुराचा वास येणारा माणूस माईक धरून उभा राहिला.

“मी हिम्मतराव,” ते म्हणाले. “मी काही केलेलं नाही. म्हणजे, पक्षासाठी. अर्ज हिचा. कुसुम ही माझी बायको.”

श्रीनिवास गारूंनी डोळे बारीक केले. “कुसुम... इंटि पेरु कादा?” म्हणजे, आडनाव नाही?

“नाही हो!” कुसुमताई म्हणाल्या. “ते माणसाचं नाव आहे. त्या माणसानं तुम्हाला नऊ वेळा ओवाळलंय.”

श्रीनिवास गारू मुरलेले पुढारी. खालच्या हशाची शंभर मतं होतात, हे त्यांना बोटांवर न मोजता कळलं. त्यांनी हातातला उमेदवाराच्या नावाचा कागद घडी करून खिशात घातला आणि सहाव्या खुर्चीकडे हात केला. “कूर्चोंडम्मा,” बसा म्हणाले. हिम्मतराव न सांगता उठले होते. खाली अजयची बायको सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती. “बच गई गे मैं!” तिनं शेजारणीला सांगितलं. अजयनं पान गिळलं.

आठवड्यानं पक्षाचं अधिकृत उमेदवारीचं पत्र, म्हणजे बी-फॉर्म, आला. गौतमनं नाव लिहिलं होतं ‘कुसुम नांदेडकर’, आणि पुन्हा घोळ नको म्हणून पुढे स्वतःच्या बुद्धीनं कंसात ‘बाई’.

निवडणुकीचा अर्ज दाखल करून कुसुमताई बाहेर आल्या, तेव्हा लोकल चॅनेलवाल्यानं माईक पुढे केला. मागे हिम्मतराव उभे. एका हातात कागदांची पिशवी, दुसऱ्या हातात हारतीचं ताट.

“अम्मा, निवडून आलात तर कारभार साहेबच बघतील ना?”

कुसुमताई म्हणाल्या, “बघतील की. खाली सतरंजीवर बसून. सोळा वर्षं मी तिथनंच बघत होते.”