खोल विणलेली जाळी

उचगावात आमच्या एका खोलीत पाच माणसं झोपायची. सहावी सुशीलाआत्या आली, नवरा गेल्यावर, राधानगरीकडून. सोबत एक गाठोडं आणि नायलॉनच्या दोरीची गुंडी. वडील हमाली करायचे, आई धुणीभांडी. आत्या बैलांची मुसकी विणायची. कोळपताना बैलानं पिकाला तोंड लावू नये म्हणून बांधायची ती जाळी. बैल कमी झाले, मुसकी खपेनात, तरी तिचे हात चालूच होते. गेल्या महिन्यात ते थांबले. भावाचा फोन आला, "ताई, आत्या उठंना..."

पुण्यानुमोदनाला आलेल्या बायका तिनं किती सोसलं ते सांगत होत्या. मला मात्र सारखं एक मैदान आठवत होतं.

बारावीनंतर माझं शिक्षण थांबणार हे घरात न बोलताच ठरलं होतं. गल्लीतली एक मुलगी कोल्हापुरात मुलींच्या क्लबात लॅक्रोस खेळायची. क्लबात निवड झाली तर खेळाडू म्हणून कॉलेजची फी माफ होते, असं तिनं सांगितलं आणि स्वतःची जुनी स्टिकही दिली. लांब दांडी, टोकाला जाळी. त्या जाळीत बॉल झेलायचा, पळायचं, फेकायचा. जाळी पार फाटलेली होती. आत्यानं स्टिक उलटीपालटी करून बघितली.

"हे तर मुसकंच की गं. बैल कुठाय?"

"मीच हाय की," मी म्हटलं. आत्या हसली. ती फार कमी हसायची.

तिनं जाळी विणली ती मुसक्यासारखीच, चांगली खोल. "बॉल पडाय नको," म्हणाली. आणि खरंच पडायचा नाही. मी गल्लीभर पळायचे, बॉल आत घट्ट. फेकताना तेवढी दांडी जोरात झटकावी लागायची. आम्हाला वाटलं, या खेळात तसंच असतंय.

निवडीच्या दिवशी आत्या माझ्याबरोबर आली, धुतलेलं लुगडं नेसून. प्रशिक्षक मॅडमनी माझ्या जाळीत बॉल ठेवला. तो पार आत बुडाला. "बॉल कडेच्या वर दिसायला हवा. ही स्टिक नियमात बसत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या आणि दुसरी स्टिक दिली. उथळ जाळीची मला सवयच नव्हती. पळाले की बॉल खाली, झेलला की खाली... यादीत माझं नाव आलं नाही. आत्या कुंपणापाशी उभी राहून सगळं बघत होती.

परतताना बसमध्ये ती एवढंच म्हणाली, "माझा हात लागला की इस्कटतंयच." सासरी तिला पांढऱ्या पायाची म्हणायचे. ते तिनं खरं मानलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

वर्षभर मी फरसाणाच्या कारखान्यात पाकिटं भरली. संध्याकाळी घरी आले की आत्या जाळी उसवून बसलेली असायची. विणायची, बॉल ठेवून तो कडेच्या वर दिसतो का बघायची, परत उसवायची. "अगं किती वेळा?" आई वैतागायची. आत्या मान वर करायची नाही.

पुढच्या निवडीला निघताना मी म्हटलं, "चल की आत्या."

"न्हाय बाई. मी आलो की बिघडतंय. तू जा."

निवड झाली. घरी येऊन सांगितलं, तर तिनं इतकंच विचारलं, "बॉल सुटत हुता?"

"सुटत हुता."

तिनं मान हलवली आणि चुलीपाशी गेली. त्यानंतर मी किती सामने खेळले, पण आत्या मैदानावर कधीच आली नाही. दर वेळी बोलवायचे, दर वेळी काहीतरी काम काढायची. तिच्या हातानं काही बिघडत नाही, हे मला तिला पटवून देता आलं नाही. आता ते राहूनच गेलं...

स्टिक माझ्या खोलीत खिळ्याला टांगली आहे. कडेची एक गाठ सैल झाली आहे. ती तशी बांधायला मला येत नाही, आणि दुसऱ्या कुणाकडून बांधून घ्यावीशी वाटत नाही. याच जाळीवर मी क्लबकडून खेळले, फी माफ झाली आणि बी. ए. झाले. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली.